समीकरण उघडे, गणित झाकलेले

संशोधनासाठी लागणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणे फार लवकर पैशांवर येते. परदेशी सॉफ्टवेअरचे लायसन्स महाग, विद्यापीठांचा निधी तुटपुंजा, तेव्हा फुकट मिळते ते वापरावे; इतके म्हटले की विषय संपला, असे मानले जाते. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांचे नॅशनल सुपरकम्प्युटिंग मिशन मंजूर केले. तेव्हापासून किती पेटाफ्लॉप्सचे यंत्र कुठल्या संस्थेत बसले याच्या बातम्या नियमाने येतात. त्या यंत्रांवर रात्रंदिवस काय चालते, ते कुणी लिहिले आणि त्यातली चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची, हे प्रश्न बातमीत नसतात. बहुतेकदा ते मंजुरीच्या फाइलमध्येही नसतात.

हा दृष्टिकोन उथळ आहे, आणि मटेरियल सायन्सच्या बाबतीत तो विशेष उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. पदार्थांच्या संगणकीय अभ्यासात प्रोग्रॅम हा वैज्ञानिक दाव्याचाच भाग असतो. तो झाकून ठेवला की दावा अर्धाच मांडला जातो, मग त्या प्रोग्रॅमची किंमत शून्य असो वा लाखो रुपये. हे पहिले विधान. दुसरे असे की असा प्रोग्रॅम लिहिणे, तपासणे आणि वर्षानुवर्षे सांभाळणे हे स्वतःच संशोधन आहे. ज्या देशात या कामाला दुय्यम समजले जाते, तो देश यंत्रे कितीही मोठी घेवो, इतरांनी सोपे करून ठेवलेले प्रश्नच सोडवत राहतो.

१. एका पानाचे समीकरण, लाखो ओळींचा प्रोग्रॅम

पदार्थाचे बहुतेक गुण त्यातल्या इलेक्ट्रॉनांवर ठरतात. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे प्रत्येकाचे गणित बाकीच्या सर्वांत अडकलेले असते आणि मोजक्या अणूंपलीकडे ते थेट सोडवणे हाताबाहेर जाते. १९६४ मध्ये पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी सिद्ध केले की सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीसाठी एकेका इलेक्ट्रॉनचा माग काढण्याची गरज नाही. कुठे किती इलेक्ट्रॉन-घनता आहे एवढे कळले तरी तत्त्वतः सगळे कळते. पुढच्याच वर्षी कोन आणि लू शॅम यांनी ती घनता काढण्याची व्यवहार्य समीकरणे दिली. ही डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे डीएफटी. २०१४ मध्ये ‘नेचर’ने जगात सर्वाधिक उल्लेख झालेल्या शंभर शोधनिबंधांची यादी छापली, तेव्हा त्यातले १२ निबंध या एकाच पद्धतीशी संबंधित निघाले. बॅटरीचा इलेक्ट्रोड असो, सौर पॅनेलमधला अर्धवाहक असो किंवा खत कारखान्यातला उत्प्रेरक, आज त्याच्या अभ्यासात कुठे ना कुठे डीएफटी येतेच.

ही समीकरणे एका पानावर मावतात. पण त्यांत एक पद असे आहे, ज्याचे अचूक रूप कुणालाच माहीत नाही. हे ‘एक्स्चेंज-कोरिलेशन’ पद अंदाजानेच भरावे लागते. अंदाज चुकला तर काय होते, हे लोखंडावरून स्पष्ट दिसते. लोकल डेन्सिटी हा सर्वांत साधा अंदाज वापरला, तर गणित सांगते की लोखंडात चुंबकत्व नसावे आणि त्याचे अणूही प्रत्यक्षातल्यापेक्षा वेगळ्या, अधिक दाट रचनेत बसावेत. घनता कुठे किती वेगाने बदलते याचाही विचार करणारे अंदाज पुढे आले, तेव्हा कुठे गणितातले लोखंड खऱ्या लोखंडासारखे वागू लागले.

ही निवड निदान शोधनिबंधात लिहिलेली असते. तिच्याखाली निवडींचे थरावर थर असतात. अणूच्या गाभ्यातले इलेक्ट्रॉन गणितातून वगळून त्यांच्या जागी जे स्यूडोपोटेन्शियल बसवले ते कसे घडवले. लहरी किती ऊर्जेपर्यंत धरल्या. स्फटिकाच्या व्यस्त अवकाशात किती बिंदूंवर बेरीज घेतली. धातूच्या बाबतीत इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमधली कड किती पसरट केली. दोन फेऱ्यांमध्ये किती फरक उरल्यावर गणित थांबवले. एकाच मूलद्रव्याच्या दोन स्फटिकरचनांमधला ऊर्जेचा फरक अनेकदा अणुमागे काही मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट इतकाच असतो. वरच्या यादीतली प्रत्येक निवड निष्काळजीपणे केली, तर एवढा फरक सहज गिळून टाकते. अणूंची हालचाल क्षणाक्षणाला मोजणाऱ्या मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्येही तेच: काळाचे पाऊल किती लहान घ्यायचे, तापमान कोणत्या युक्तीने स्थिर ठेवायचे, दूरच्या अणूंचे बल कुठे तोडायचे.

यातल्या काही निवडी इनपुट फाइलमध्ये दिसतात. बाकीच्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोडच्या आत ठरवून टाकलेल्या असतात आणि वापरणाऱ्याला त्या आहेत हेही ठाऊक नसते. सिद्धान्त आणि उत्तर यांच्यामधला हा सगळा प्रदेश कोडमध्येच लिहिलेला असतो, दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून निबंधातले ‘आम्ही डीएफटी वापरली’ हे वाक्य पद्धतीचे वर्णन नसते. ते फक्त पद्धतीच्या घराण्याचे नाव असते.

२. पाण्यावरून सात वर्षे

हा धोका कल्पनेतला नाही. पाणी न गोठू देता शून्य अंशाच्या फार खाली नेले, तर त्याचे दोन वेगवेगळे द्रव होतात का? १९९२ मध्ये पूल, शोर्टिनो, एसमन आणि स्टॅनली यांनी सिम्युलेशनच्या आधारे तशी कल्पना मांडली: एक द्रव जास्त दाट, दुसरा विरळ. प्रयोगशाळेत हे पाहणे अत्यंत अवघड, कारण त्या तापमानाला पाणी मोजमापाला उसंतच न देता गोठते. त्यामुळे वादाचा बराच निवाडा संगणकावर व्हायचा होता.

२०११ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड लिमर आणि डेव्हिड चँडलर यांनी सांगितले की दुसरा द्रव नाहीच. जे दिसते ती गोठण्याची सुरुवात आहे. प्रिन्स्टनमध्ये पाब्लो डेबेनेडेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र एसटी२ नावाच्या पाण्याच्या मॉडेलमध्ये दोन्ही द्रव दिसत होते. त्यांचा सविस्तर निबंध २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. बर्कलीच्या गटानेही हेच मॉडेल तपासले होते. मॉडेल एक, परिस्थिती एक, दोन्ही गट आपल्या क्षेत्रातले अव्वल, आणि उत्तरे परस्परविरोधी. निबंधाला प्रतिनिबंध निघत राहिले. दोन्ही बाजूंनी पद्धतीचे वर्णन छापलेले होते आणि तज्ज्ञ ते वाचतही होते, तरी फरक कुठून येतो ते कुणाला सापडेना.

अखेर बर्कलीचा कोड प्रिन्स्टनच्या हाती आला आणि २०१८ मध्ये त्या गटाने फरकाचे मूळ दाखवले. बर्कलीने हायब्रिड मॉन्टे कार्लो पद्धत वापरली होती. तिच्यात रेणूंना थोडा वेळ हलू द्यायचे, मग त्यांना नव्याने वेग देऊन पुन्हा सोडायचे, असे चक्र चालते. हे नवे वेग देण्याच्या पायरीतच चूक होती. त्यामुळे रेणूंच्या रचना ज्या संभाव्यतेने समोर यायला हव्यात, तशा येत नव्हत्या. चँडलर २०१७ मध्येच वारले होते. २०२० मध्ये डेबेनेडेटी, शोर्टिनो आणि झेर्झे यांनी पाण्याच्या अधिक वास्तवदर्शी अशा दोन मॉडेलांमध्येही दोन द्रवांना जोडणारा क्रांतिक बिंदू असल्याचे ‘सायन्स’मध्ये मांडले.

या प्रकरणात कुणाच्याही प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही, आणि म्हणूनच ते मला इतके महत्त्वाचे वाटते. चूक अशा पायरीत होती की जी कोणताही लेखक निबंधात एका ओळीत उरकेल आणि कोणताही परीक्षक न थांबता पुढे वाचेल. भाषेतले वर्णन कितीही सचोटीने केले तरी ते कोडची जागा घेऊ शकत नाही, हे यातून सिद्ध झाले. हा कोड पहिल्या निबंधासोबतच उघडा ठेवला असता, तर वाद झालाच नसता असे मी म्हणणार नाही. पण तो सात वर्षे चालला नसता.

३. ‘निकाल जुळले की झाले’

माझ्या पहिल्या विधानावरचा सर्वांत बळकट आक्षेप असा: दुसऱ्याचा कोड वाचून काय सिद्ध होते? लाखो ओळी कोण वाचतो? खरी पडताळणी म्हणजे दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने तेच उत्तर काढणे. उलट सगळे एकच खुला कोड वापरू लागले, तर सगळे एकच चूक करतील आणि एकमत झाले म्हणून निश्चिंत होतील.

आक्षेपाचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला एक निबंध त्याचाच पुरावा आहे. गेंट विद्यापीठातल्या कुर्ट लेजागेरे आणि स्टेफान कोटेनिए यांच्या पुढाकाराने डीएफटीचे १५ कोड आणि ४० पद्धती ७१ मूलद्रव्यांच्या स्फटिकांवर पडताळून पाहिल्या गेल्या. सगळ्यांनी एक्स्चेंज-कोरिलेशनचा एकच अंदाज वापरायचा, म्हणजे उरलेला फरक फक्त अंमलबजावणीचा असेल. जुन्या पद्धतींमध्ये लक्षणीय तफावत निघाली, अलीकडचे कोड मात्र एकमेकांशी चांगले जुळले. यात खुले कोड होते, तसेच व्हिएन्नाच्या व्हास्पसारखे विकत घ्यावे लागणारेही होते. २०२४ मध्ये याच विचाराची मोठी आवृत्ती आली: हायड्रोजनपासून क्युरियमपर्यंत ९६ मूलद्रव्ये, प्रत्येकाच्या १० रचना, एकूण ९६० स्फटिक. या वेळी गणिताची सगळी प्रक्रिया आपोआप चालणाऱ्या, इतरांना तशीच्या तशी पुन्हा चालवता येणाऱ्या स्वरूपात मांडली होती.

म्हणजे स्वतंत्र कोड हवेतच, एकापेक्षा जास्त हवेत. पण दोन उत्तरे जुळत नाहीत एवढेच बाहेरून कळते. का जुळत नाहीत, ते आत शिरल्याशिवाय कळत नाही. पाण्याच्या वादात नेमके हेच झाले. तिथे स्वतंत्र पडताळणी पहिल्यापासून होती, दोन गट होते, दोन कोड होते. अडले ते कारण शोधण्यापाशी. स्वतंत्र लेखन आणि खुले लेखन यांत निवड करण्याचा प्रश्नच नाही. पहिले दुसऱ्याशिवाय अपुरे आहे.

उत्तरार्धातली भीतीही खोटी नाही. लिबएक्ससी या खुल्या ग्रंथालयात एक्स्चेंज-कोरिलेशनचे शेकडो अंदाज लिहिलेले आहेत आणि डीएफटीचे अनेक कोड ते थेट वापरतात. त्यात एक चिन्ह चुकले, तर ती चूक एकाच वेळी अनेक देशांच्या निबंधांत पसरेल. पण ती सापडली की दुरुस्तीही त्याच वेगाने पसरते, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे निकाल संशयास्पद आहेत ते सांगता येते. प्रत्येक गटाने तेच सूत्र आपापल्या खोलीत पुन्हा टाइप केले, तर चुका कमी होत नाहीत. त्या वेगवेगळ्या होतात आणि सापडत नाहीत.

४. सूक्ष्मदर्शकही बंदच असतो

प्रयोग करणारे मित्र विचारतात: आमचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपही कंपनी बंद करूनच पाठवते. त्यातले सॉफ्टवेअर आम्हाला दिसत नाही, तरी आम्ही विज्ञान करतोच. मग सिम्युलेशनवाल्यांनाच एवढे सोवळे कशाला?

उपकरणाखाली ओळखीचा नमुना ठेवता येतो. सोन्याच्या स्फटिकातले अंतर माहीत असते. उपकरणाने ते चुकीचे दाखवले तर उपकरण बिघडले. सिम्युलेशनही ओळखीच्या पदार्थांवर तपासता येते आणि तपासावेच. पण त्याची खरी गरज जिथे नमुनाच नाही तिथे असते: पृथ्वीच्या गाभ्यातल्या दाबाखाली, अजून कुणी न बनवलेल्या मिश्रधातूत. शिवाय सिम्युलेशनकडून आपण आकड्याबरोबर कारणही मागतो. गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सिअसला वितळतो, पण त्याचे मोजक्या अणूंचे गुच्छ त्याहून कितीतरी वरच्या तापमानापर्यंत घन राहतात, असे प्रयोगात दिसले होते. २००४ मध्ये पुणे विद्यापीठातल्या चाको, जोशी आणि कान्हेरे यांनी ग्रनोबलच्या ब्लंडेल यांच्यासोबत त्याचे कारण सिम्युलेशनमधून मांडले: धातूच्या मोठ्या तुकड्यात बंध अंशतः धात्विक असतात, गुच्छांत ते मुख्यतः सहसंयुज असतात. वितळण्याचे तापमान प्रयोगाने मोजले. बंधाचे स्वरूप मात्र गणिताच्या आतून आले. कारण म्हणून जे स्वीकारायचे, ते ज्या यंत्रणेतून निघाले ती तपासता आली पाहिजे, एवढीच मागणी आहे.

५. किमतीचा मुद्दा बाजूला ठेवू

मी विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. व्हास्प हा कोड गेओर्ग क्रेसे आणि युर्गेन फुर्थम्युलर यांच्या १९९६ च्या निबंधांपासून जगभर पोचला. तो अत्यंत काळजीने लिहिलेला आहे आणि त्याची स्यूडोपोटेन्शियलसदृश माहितीची संचिका अनेक वर्षांच्या चाचण्यांतून तावून-सुलाखून निघाली आहे. लायसन्सच्या पैशांतून पूर्णवेळ माणसे नेमता येतात, हा फायदा मोठा आहे. लायसन्स घेणाऱ्याला व्हास्पचा सोर्स कोडही मिळतो. अडचण त्यापुढे आहे. त्यात तुम्ही काही बदलले आणि त्या बदलातून नवे निष्कर्ष काढले, तर बदललेला कोड जसाच्या तसा जगापुढे ठेवण्याची मोकळीक तुम्हाला नसते. तुमचा वाचक लायसन्सधारक असेल तरच तो तुमचा पूर्ण वाचक. विज्ञानातल्या वाचकाला अशी प्रवेश फी असू नये.

बंद होण्याची वाट कुठवर जाते, त्याचे उदाहरण शेजारच्या क्वांटम केमिस्ट्रीत आहे. जॉन पोपल यांच्या गटाचा गॉशियन ७० हा प्रोग्रॅम इंडियाना विद्यापीठातल्या एका विनिमय केंद्रामार्फत संशोधकांना वाटला गेला होता. पुढे गॉशियन कंपनीच्या हाती गेला, आणि स्पर्धक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या संशोधकांना कंपनीने लायसन्स नाकारले. त्यात स्वतः पोपलही होते. १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना कोन यांच्यासोबत मिळाले ते याच पद्धती विकसित करण्यासाठी. कंपनी कायद्याने चुकली असे मी म्हणत नाही. पण ज्या साधनाचा जनकच दाराबाहेर राहू शकतो, त्याच्यावर एखाद्या ज्ञानशाखेने उभे राहावे का, हा प्रश्न किमतीचा उरत नाही.

६. लायसन्स लावले म्हणजे उघडले असे नाही

इथून माझे दुसरे विधान सुरू होते, आणि इथे ओपन सोर्सच्या समर्थकांशीही माझे मतभेद आहेत. कोड इंटरनेटवर टाकला, त्यावर जीपीएल हे खुले लायसन्स लावले, की काम झाले असे अनेकांना वाटते. न वाचता येणारा, न चालवता येणारा, चाचण्या नसलेला कोड कायद्याने खुला असतो, व्यवहारात बंद.

लॅम्प्स या मॉलिक्युलर डायनॅमिक्सच्या कोडचा इतिहास या दृष्टीने बघावा. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या दोन प्रयोगशाळा आणि क्रे, ड्यूपाँ, ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या तीन कंपन्या यांच्या सहकार्यातून तो सुरू झाला. सँडिया प्रयोगशाळेतल्या स्टीव्ह प्लिम्प्टन यांनी तो आधी फोरट्रानमध्ये लिहिला. मग सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहून २००४ मध्ये ओपन सोर्स केला. लायसन्स बदलण्याइतकीच पुनर्लेखनाची रचना निर्णायक ठरली. अणूंमधल्या बलाचा प्रत्येक प्रकार, तापमान राखण्याची प्रत्येक युक्ती स्वतंत्र फाइलमध्ये, ठरलेल्या साच्यात. नवे बल जोडायचे तर गाभ्याला हात लावावा लागत नाही. म्हणून कधीही सँडियाला न गेलेल्या विद्यार्थ्याने लिहिलेला भागही त्यात येऊ शकला, आणि आज त्यातला मोठा हिस्सा अशा जोडण्यांचाच आहे. हा निर्णय ज्याने घेतला त्याला भौतिकशास्त्र कळत होते, आणि माणसे कशी काम करतात तेही कळत होते.

क्वांटम एस्प्रेसो या डीएफटीच्या खुल्या संचाची गोष्ट वेगळी. त्याचे गाव इटलीतले ट्रिएस्टे. १९६४ मध्ये अब्दुस सलाम यांनी विकसनशील देशांतल्या वैज्ञानिकांना जगाशी जोडून ठेवण्यासाठी आयसीटीपी हे केंद्र तिथेच उभारले. १९८५ मध्ये कार आणि पारिनेल्लो यांनी डीएफटी आणि मॉलिक्युलर डायनॅमिक्स एकत्र आणणारी पद्धत तिथल्याच सिस्सा या संस्थेत दिली. पीडब्ल्यूएससीएफ, सीपी, फोनॉन हे स्वतंत्र कोड त्या परिसरात एकत्र आणले गेले आणि २००९ मध्ये जियानोझ्झी व सहकाऱ्यांच्या निबंधाने हा संच जगापुढे औपचारिकपणे मांडला. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या सवयींनी लिहिलेले कोड एका घरात आणणे किती कटकटीचे असते, ते केलेल्यालाच माहीत. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्याच्याभोवती उभे राहिलेले शिक्षण. २०१० पासून आफ्रिकेत इलेक्ट्रॉनिक स्ट्रक्चरच्या शाळा भरतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आणि आयआयटीत शिकलेल्या, बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या शोभना नरसिंहन तिथे वर्षानुवर्षे शिकवत आल्या आहेत. तिथला विद्यार्थी जो कोड शिकतो, तो घरी परतल्यावरही त्याच्याकडे राहतो. त्याच्या विद्यापीठाने लायसन्सचे नूतनीकरण केले नाही म्हणून त्याचे संशोधन थांबत नाही.

मग पैसे कोण देते? युरोपात २०१५ पासून मॅक्स नावाचे केंद्र युरोपीय निधीतून चालते. क्वांटम एस्प्रेसो, सिएस्टा, यांबो असे कोड ग्राफिक्स प्रोसेसर असलेल्या नव्या महासंगणकांवर चालावेत म्हणून तिथे प्रोग्रॅमरांना पगार मिळतो. हे काम टाळता येत नाही: दर काही वर्षांनी यंत्रांची जात बदलते आणि न बदललेला कोड त्यांच्यावर रांगू लागतो. तेव्हा ‘फुकट’ सॉफ्टवेअर फुकट नसते. त्याचा खर्च दुसऱ्या देशांतला करदाता उचलत असतो.

७. मॉडेल खुले, माहिती बंद

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न नव्या रूपात आला आहे. २००७ मध्ये बेलर आणि पारिनेल्लो यांनी अणूंमधले बल न्यूरल नेटवर्कला शिकवण्याची वाट दाखवली. डीएफटीने हजारो रचनांची ऊर्जा काढायची, नेटवर्कला ती शिकवायची, आणि मग लाखो अणूंचे सिम्युलेशन त्या नेटवर्ककडून करवून घ्यायचे. इथे दाव्याचा भाग फक्त कोड उरत नाही. कोणत्या रचना शिकवल्या, त्या कोणत्या निवडींनी मोजल्या, हेही दाव्यातच येते. कोड खुला, नेटवर्कचे आकडेही खुले, पण ज्यावरून ते शिकले ती माहिती बंद, असे मॉडेल मी खुले मानत नाही. मोठ्या कंपन्यांची आजची पदार्थ-मॉडेले मटेरियल्स प्रोजेक्टसारख्या, २०११ पासून सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीसाठ्यांवर वाढली आहेत. सार्वजनिक पैशाने जमवलेल्या माहितीवर वाढलेले मॉडेल परत सार्वजनिक व्हावे, ही मागणी करायला शास्त्रज्ञांनी संकोचू नये.

८. आपण कुठे आहोत

सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना १९८८ ची, परम ८००० हा पुण्यात घडलेला संगणक १९९१ चा. परदेशातून महासंगणक नाकारला गेला तेव्हा तो स्वतः बनवण्याची धमक आपण दाखवली. सॉफ्टवेअर कुणी नाकारले नाही, म्हणून बहुधा ती निकड कधी जाणवली नाही.

क्षमता नाही असे अजिबात नाही. डीएफटी-एफई हा खुला कोड मिशिगन विद्यापीठात विक्रम गाविनी यांच्या गटात घडला आणि त्याच्या विकासात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या फणी मोटामरी यांच्या गटाचा वाटा आहे. महासंगणनातले मानाचे गॉर्डन बेल पारितोषिक २०२३ मध्ये त्या चमूला मिळाले. देशातच घडलेले उदाहरण मायक्रोसिमचे. वितळलेला धातू गोठताना त्यात सूक्ष्म रचना कशी उमटते, हे फेज-फील्ड पद्धतीने मोजणारा हा खुला संच सुपरकम्प्युटिंग मिशनच्या निधीतून झाला. त्यात बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आहे, मुंबई, मद्रास आणि हैदराबादच्या आयआयटी आहेत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि पुण्याचे सी-डॅक आहे. यंत्रांच्या बातम्यांत मिशनचे हे फळ मला क्वचितच दिसते, आणि याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

‘आयते चांगले कोड असताना नवे कशाला?’ असे विचारले जाते. सगळे नव्याने लिहावे असे कुणी म्हणत नाही. लॅम्प्समध्ये एक नीट तपासलेले बल जोडणे, क्वांटम एस्प्रेसोमधला एक बग शोधून दुरुस्ती पाठवणे, हेही लेखनच आहे. पण प्रत्येक कोड काही प्रश्न सोपे करतो आणि काही अवघड ठेवतो, आणि कोणते सोपे करायचे ते लिहिणारा ठरवतो. कोकण किनाऱ्यावरच्या इमारतींत खाऱ्या दमट हवेतला क्लोराइड काँक्रीटमधून सळीपर्यंत पोचून तिच्यावरचा संरक्षक थर कसा फोडतो, हा अणूपासून वास्तूपर्यंत जाणारा प्रश्न आहे. तो ट्रिएस्टेत किंवा सँडियात कुणी आपल्यासाठी प्राधान्याने हाती घेईल, ही अपेक्षाच चूक.

अडते ते नेमणुकीच्या आणि बढतीच्या टेबलावर. तिथे निबंध मोजले जातात, पेटंट मोजले जाते, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी मोजले जातात. शंभर गट वापरतात असा कोड पाच वर्षे सांभाळणाऱ्याला तिथे काय लिहावे ते कळत नाही. ब्रिटनमध्ये रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर हे नाव २०१२ मध्ये रूढ होऊ लागले आणि विद्यापीठांत तशी पदे निर्माण झाली. आपल्याकडे हे काम पीएच.डी.चा विद्यार्थी करतो, तेही मूळ कामाच्या फटीत. तो पदवी घेऊन जातो, त्याचा कोड प्रयोगशाळेतल्या एखाद्या डिस्कवर राहतो, आणि पुढचा विद्यार्थी तीच पहिली दोन वर्षे पुन्हा घालवतो.

त्यामुळे माझ्या मागण्या साध्या आहेत. महासंगणकाच्या प्रत्येक मंजुरीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या माणसांसाठी कायम पदे असावीत. यंत्र पाच-सात वर्षांत जुने होते, चांगला कोड तीस वर्षे टिकतो. बढतीसाठी तपासलेला, दस्तऐवज असलेला, इतरांनी वापरलेला कोड शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा. आणि तिसरी मागणी उद्यापासून अमलात येऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक झाले आणि त्यातून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचा शोधगंगा हा साठा भरत गेला. संगणकीय प्रबंधासोबत त्यातला प्रत्येक आलेख ज्या कोडने, ज्या इनपुट फाइलींनी आणि ज्या स्यूडोपोटेन्शियलांनी काढला, तेही तिथेच जमा करणे सक्तीचे करावे, कोडची आवृत्ती आणि लायसन्स यांच्या नोंदीसह. परीक्षकाने तोंडी परीक्षेपूर्वी त्यातला निदान एक आलेख स्वतःच्या यंत्रावर पुन्हा काढून पाहावा.